'सिंडिकेट'चे एजंट आणि कंपनीच्या मालकीचं शरीर

निनाद_डॉस

मंडळी, हा धागा काढायचं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं. 'सिंडिकेट' हा गेम इथं कितीजणांनी खेळलाय माहीत नाही. १९९३ चा, बुलफ्रॉगचा, म्हणजे इंग्लंडमधल्या गिल्डफर्डची ती पीटर मॉलिन्यूवाली टीम. डॉस आणि अमिगा या तेव्हाच्या कॉम्प्युटरांवर आला होता. आपल्याकडे तो फ्लॉपीवरून कॉपी होत होत फिरला, मॅन्युअल कुणाकडेच नसायचं, त्यामुळे मागची गोष्ट काय हे न कळताच सगळे गोळ्या घालत सुटायचे. मी अलीकडे तो पहिल्यापासून शेवटपर्यंत परत खेळलो, यावेळी मॅन्युअल वाचून, आणि आता तो डोक्यातून जात नाहीये.

गोष्ट अशी की बहुराष्ट्रीय कंपन्या इतक्या फुगतात की सरकारं त्यांच्या खिशात जातात. मग मानेत बसवायची एक चिप निघते. ती बसवली की बाहेर शहर कितीही बकाल असू दे, माणसाला सगळं छान दिसतं छान वाटतं. लोक आपणहून रांग लावून बसवून घेतात. आणि मग अर्थातच ज्याच्या हातात चिप त्याच्या हातात ती माणसं, म्हणून कंपन्या एकमेकींच्या जिवावर उठतात, आणि त्या लढाईसाठी त्यांना लागतात एजंट. हे एजंट भरती होऊन आलेले नसतात बरं का, इंट्रोमध्येच दाखवलंय, रस्त्यावरचा एक माणूस उचलतात आणि टेबलावर घालून त्याचा एजंट करतात.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही या गेममध्ये एजंट नसता. तुम्ही वर हवेत एअरशिपमध्ये बसलेले साहेब असता, आणि खाली लांब कोट घातलेले जास्तीत जास्त चार जण तुमच्या माऊसवर चालतात. पाय, हात, छाती, हृदय, डोळे, मेंदू असे सहा भाग, प्रत्येकाच्या तीन आवृत्त्या, पैसे टाकायचे आणि बसवायचे. प्रत्येकाला तीन पट्ट्या असतात, लाल ॲड्रेनलिनची, निळी आकलनाची आणि पिवळी बुद्धीची, पट्टी ओढली की त्याच्या रक्तात औषध सुटतं आणि तो जोरात पळतो किंवा स्वतःहून नेम धरतो. सारखी ओढत राहिलात तर शरीराला सवय होते, मग तेवढ्याच कामासाठी जास्त डोस. छातीचा चांगला भाग बसवलेला असेल तर तुम्ही त्याला आहे तिथं स्फोट करून उडवू पण शकता, म्हणजे पकडला जायची भानगडच नाही.

मला हादरवलं ते हे, की खेळताना एखादा एजंट मेला की मला पहिलं वाईट कशाचं वाटलं तर त्याच्यात टाकलेल्या पैशांचं. तिसऱ्या आवृत्तीचे पाय होते, नवा मेंदू होता, गेले सगळे. तो माणूस कोण होता, उचलायच्या आधी काय काम करायचा, त्याचं कुणी होतं का, गेम तुम्हाला हे कधीच सांगत नाही, आणि तुम्हीही विचारत नाही. त्या एअरशिपमधल्या खुर्चीतून माणूस असाच दिसतो.

माझं म्हणणं आहे की नंतरच्या कुठल्याही सायबॉर्गवाल्या गेमनी हे इतकं थेट केलं नाही. सगळे यंत्राला घाबरवतात, की बघा हाडामांसाच्या जागी लोखंड आलं. भीती लोखंडाची नाहीच आहे. लोखंडाची पावती कुणाच्या नावावर आहे, त्याची आहे. तुम्हाला काय वाटतं?

सातारी_कंदी

+१. पर्सुएडरट्रॉन विसरलात का पण? माझ्या मते सगळ्यात भयंकर शस्त्र तेच. मिनीगनपेक्षा सुद्धा.

निनाद_डॉस

नाही हो विसरलो नाही, त्यावर वेगळं लिहिणार होतो. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी, हे उपकरण हातात घेऊन माणसाजवळ गेलं की त्याच्या चिपमधून त्याचा ताबा मिळतो आणि तो तुमच्या मागे चालायला लागतो. आधी साधे नागरिक, मग मागे पुरेशी गर्दी जमली की गार्ड, मग पोलीस, आणि भरपूर झाले की समोरच्या कंपनीचे एजंट सुद्धा. ही माणसं रस्त्यात पडलेली बंदूक उचलतात आणि तुमच्यासाठी लढतात, मरतात. मिशन संपल्यावर वश केलेला शत्रूचा एजंट तुमच्या यादीत जमा. काल तो ज्यांच्यासाठी मारत होता त्यांच्यावर आज गोळी झाडणार आणि त्याच्या चेहऱ्यावर काही फरक नाही. निष्ठा हा शब्दच तिथं लागू होत नाही, कारण निष्ठेसाठी आधी कुणीतरी माणूस तर उरायला हवा.

रानवारा२००४

दादा मी हा गेम पाहिला पण नाहीये, माझ्या जन्माच्या आधीचा आहे. पण २०१२ चा सिंडिकेट नावाचा एक शूटर खेळलोय मित्राच्या लॅपटॉपवर, तो हाच का? त्यात तर आपणच एजंट असतो.

निनाद_डॉस

नाव तेच, हक्क ईए या मोठ्या गेम कंपनीकडे होते म्हणून. स्वीडनच्या स्टारब्रीझनी बनवला. बंदुकांची मजा आहे, डार्ट चिपनी समोरच्याच्या डोक्यात शिरून त्याला आत्महत्या करायला लावता येतं वगैरे, पण मायल्स किलो ह्या एजंटला त्यांनी भूतकाळ दिला, की लहानपणीच कंपनीनी त्याला पळवलं होतं, आणि तो कंपनीवर उलटतो. एकदा भूतकाळ दिला की आपण सुटलो. आपण चांगल्या बाजूला. १९९३ मध्ये ती सुटका नव्हती, सगळं जग जिंकलं की तुमचीच कंपनी सगळ्यात मोठी, खेळ संपला.

अस्मिता_कॅनडा

निनाद, लेख आवडला पण इथं मी थोडी भांडणार आहे. एजंटच्या आत बसवलं की सुटका होते हे मला पटत नाही. 'डेअस एक्स' हा गेम घ्या, २००० सालचा. त्यात गुंथर हर्मन आणि ॲना नावारे असे दोन जुन्या पद्धतीचे एजंट आहेत, हातपाय डोळे सगळं यांत्रिक, बघूनच लोक दचकतात. आणि नायक आहे नवीन नॅनोवाला, म्हणजे अंगात डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म यंत्रं असलेला, जो बाहेरून साधा माणूस दिसतो. गुंथरला सतत एकच धास्ती असते की आता माझं मॉडेल जुनं झालं, मला भंगारात काढणार. तो त्या कोल्ड्रिंकच्या मशीनवरून चिडतो ना, की ऑरेंजचं बटण दाबलं तरी लेमन लाइम आलं, आणि त्याला खात्री आहे की हे कुणीतरी मुद्दाम करतंय, लोक तो प्रसंग गंमत म्हणून सांगतात, मला तो प्रत्येक वेळी बघवत नाही. ज्या माणसाच्या स्वतःच्या शरीरातलं काहीच त्याच्या हातात राहिलेलं नाही त्याला मशीनमधून निदान मागितलेलं पेय तरी हवंय.

आणि पुढचं अजून वाईट. ॲना आणि गुंथर दोघांच्याही आत मालकांनी एक वाक्प्रयोग पेरून ठेवलाय. ते दोन शब्द समोर येऊन उच्चारले की माणूस जागच्या जागी फुटतो. त्यांना स्वतःला ते शब्द माहीत नाहीत. इतकी वर्षं इमानानं काम केलेल्या माणसाला मारायचं तर बंदूक पण लागत नाही, फाइलमधले दोन शब्द पुरतात. म्हणजे तुम्ही म्हणताय ती पावती आतून पण दाखवता येते, आणि माझ्या मते जास्त लागते, कारण गुंथर बोलतो. सिंडिकेटचा एजंट बोलत नाही म्हणून तुम्हाला त्याच्यात फक्त पैसे दिसले.

निनाद_डॉस

अस्मिताताई, गुंथरचं मान्य. ते शेवटचं वाक्य मात्र माझ्याच बाजूचं आहे, मी तेच म्हणतोय, की गेमनी मला असा माणूस करून ठेवला ज्याला फक्त पैसे दिसतात आणि ते माझ्याबद्दल काहीतरी सांगतं. गुंथरबद्दल कळवळा येणं सोपं आहे. एअरशिपमधल्या खुर्चीत स्वतःला ओळखणं अवघड आहे. आणि खऱ्या जगात आपल्यातले बरेच जण खुर्चीच्या बाजूलाच आहेत, डिलिव्हरीवाला नकाशावर ठिपका म्हणून सरकताना बघतो ना आपण रोज.

मुळामुठेकाठी

धागा वाचतोय, गेममधलं फार कळत नाही पण कंपनी आणि तिचे हेर म्हटल्यावर पुण्याच्या माणसाला गप्प बसवत नाही. हे भविष्यातलं म्हणून का लिहितात हेच मला समजत नाही. ३१ डिसेंबर १६०० ला लंडनमधल्या व्यापाऱ्यांच्या एका मंडळीला, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीला, सनद मिळाली, भागधारक होते, संचालक मंडळ होतं, नफा वाटला जायचा, आणि दोनशे वर्षांनी त्याच मंडळीकडे हिंदुस्थानात अडीच लाखांच्या पुढे फौज होती, खुद्द इंग्लंडच्या राजाच्या फौजेपेक्षा मोठी. फौजेच्या आधी पोचायचे ते बातमीदार. पुण्यात कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, एल्फिन्स्टन संगमावर बसून दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारातली बित्तंबातमी ठेवायचा, आणि ती पुरवणाऱ्यांत बाळाजीपंत नातूंचं नाव आजही पुण्यात कसं घेतलं जातं ते सांगायला नको. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई, आणि १७ तारखेला शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला तो नातूंच्या हातानं. तो झेंडा इंग्लंडचा असला तरी मुलूख घेतला होता एका कंपनीनं, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतं आणि आपण पुढे जातो. एका व्यापारी कंपनीनं राज्य बुडवलं, हेर पोसून, कर्ज देऊन, तह करून. तुमच्या त्या गेममध्ये मुलूख जिंकल्यावर काय करतात?

निनाद_डॉस

काका, कर लावतात. अक्षरशः. जगाचा नकाशा असतो, जिंकलेल्या प्रत्येक प्रदेशावर कर किती टक्के ते तुम्ही ठरवायचं. जास्त लावला की पैसा पटापट येतो, त्यातून संशोधन होतं, नवे अवयव नवी शस्त्रं, पण लोक नाराज होतात आणि शेवटी बंड करून प्रदेश हातचा जातो, मग परत एजंट पाठवून तो जिंकायचा. म्हणून सगळे खेळाडू कर बंडाच्या जरा खाली नेऊन ठेवतात. कुणी शिकवत नाही, आपोआप सुचतं.

मुळामुठेकाठी

म्हणजे दिवाणी. कंपनीनं बंगालात मिळवलेला महसूल वसुलीचा हक्क.

सातारी_कंदी

काका पण एक फरक आहे की. नातूंना कुणी रस्त्यावरून उचलून चिप बसवली नव्हती. ते स्वतःच्या बुद्धीनं गेले, इनाम घेतलं. एजंट बिचारा गुलाम आहे, त्याला दोष कसा देणार? दोघांना एका पंगतीत बसवू नका.

मुळामुठेकाठी

बरोबर आहे, दोष एक नाही. पण कंपनीच्या बाजूनं बघा. नातू मन बदलू शकत होते, जास्त पैसे मागू शकत होते, दुसऱ्याला फितूर होऊ शकत होते, ही धास्ती प्रत्येक मालकाला कायम असते. अमेरिकेत पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीची माणसं कामगारांच्या संघटनांत घुसवायचे, १८९२ मध्ये पेन्सिल्व्हेनियात होमस्टेडला कार्नेगीच्या पोलाद कारखान्यावर संप झाला तेव्हा पिंकर्टनचे तीनशे जण बोटींतून आणले, आणि शेवटी ते कामगारांना शरण गेले. भाडोत्री माणूस शरण जातो, कारण त्याला जीव प्यारा असतो. ज्याला शरण जाताच येणार नाही असा माणूस हवा म्हणून तुमचा हा सायबॉर्ग सुचला असणार. छातीत स्फोटक घालतात म्हणालात ना.

अस्मिता_कॅनडा

काका, हे फार नेमकं सांगितलंत.

याच ओळीतलं अजून एक, आणि हे मला आज जास्त जवळचं वाटतं. 'ह्यूमन रिव्होल्यूशन', डेअस एक्सचाच २०११ चा भाग, इथल्या माँट्रियलच्या स्टुडिओचा. ज्यांना खेळायचाय त्यांनी पुढचं वाचू नका. ॲडम जेन्सन डेट्रॉईटमधल्या सरीफ नावाच्या कंपनीचा सुरक्षा प्रमुख. हल्ल्यात मरता मरता वाचतो, शुद्धीवर येतो तेव्हा हात, छाती, डोळे सगळं कंपनीचं. त्याला कुणी विचारलेलं नसतं, नोकरीच्या करारातच ती मुभा होती. म्हणजे उचलून नेणं नाही, दमदाटी नाही, रुजू होताना केलेली सही. त्या जगात यांत्रिक अवयव बसवलेल्या बाकी लोकांना न्यूरोपोझिन नावाचं औषध जन्मभर घ्यावं लागतं, नाहीतर शरीर अवयव नाकारायला लागतं. हात विकत घेतला तरी हप्ता संपतच नाही.

आणि मग मधेच सगळ्यांच्या नजरेत अडथळे यायला लागतात, बातम्यांत सांगतात की जवळच्या क्लिनिकमध्ये जा, नवीन चिप फुकट बदलून मिळेल. मी पहिल्यांदा खेळताना निमूट जाऊन बदलून घेतली, कोण नाही घेणार. पुढे ऐन मारामारीच्या वेळी प्रतिस्पर्धी कंपनीची मालकीण त्या चिपमधूनच जेन्सनचे सगळे अवयव बंद करते. ज्यांनी बदलली नव्हती त्यांना काही होत नाही. मी खुर्चीत गार पडले होते.

पल्लवी_कॅथलॅब

मी इथं फारशी लिहीत नाही पण अस्मिताताईंच्या या प्रतिसादावर लिहिल्याशिवाय राहवेना. मी पेसमेकरच्या फॉलोअपचं काम करते, रोज अशी माणसं बघते ज्यांच्या छातीत कुणा कंपनीचं यंत्र आहे. आधी एक स्पष्ट सांगते, अपडेट म्हणजे फसवणूक हा धडा कृपया कुणी घेऊ नका. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत एफडीएनी, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनी, ॲबट कंपनीच्या ४ लाख ६५ हजार पेसमेकरसाठी सूचना काढली होती, बाहेरून कुणी वायरलेसनी त्यात शिरू शकेल अशी त्रुटी होती, ती सॉफ्टवेअर अपडेटनी बुजवायची होती आणि त्यासाठी पेशंटनी दवाखान्यातच यायचं होतं. ऑपरेशन नाही, काही मिनिटांचं काम. अशा वेळी घाबरून लोक आलेच नाहीत तर ते जास्त धोक्याचं. ही भीती काल्पनिक पण नाही, अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये त्यांच्या हृदयातल्या यंत्राचं वायरलेस बंद करून घेतलं होतं, कुणी बाहेरून झटका देऊ नये म्हणून.

पण निनाददादांच्या पावतीच्या मुद्द्यावर मला खूप बोलायचंय. एका कंपनीचा प्रोग्रामर, म्हणजे ज्या मशीननी आम्ही पेसमेकर वाचतो ते, दुसऱ्या कंपनीचं यंत्र वाचू शकत नाही. पेशंट गावाकडून रात्रीचा प्रवास करून येतो आणि नेमका त्या कंपनीचा प्रोग्रामर त्या दिवशी उपलब्ध नसला की त्याच्या स्वतःच्या हृदयात काय चाललंय ते त्याला, मला आणि डॉक्टरांना तिघांनाही वाचता येत नाही. एक आजोबा मला म्हणाले होते, पोरी, यंत्राचे पैसे मी भरले आणि किल्ली त्यांच्याकडे कशी. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि आर्गस टू. डोळ्यांसाठी होतं. कॅलिफोर्नियाची सेकंड साइट नावाची कंपनी, रेटिनाचा आजार होऊन दृष्टी गेलेल्यांना चष्म्यावर कॅमेरा, कमरेला प्रोसेसर आणि डोळ्याच्या आत ६० इलेक्ट्रोडची पट्टी. २०१३ ला अमेरिकेत मान्यता मिळाली, जगभरात साडेतीनशेच्या वर लोकांनी बसवून घेतलं, पूर्ण दिसत नव्हतं पण उजेड, कडा, दाराची चौकट, इतपत कळायचं. ज्याला काहीच दिसत नाही त्याला विचारा दाराची चौकट म्हणजे काय ते. २०१९ मध्ये कंपनीनी ते बनवणं थांबवलं, २०२० च्या मार्चमध्ये बहुतेक कर्मचारी काढून टाकले, आणि त्या माणसांच्या डोळ्यात ती पट्टी तशीच राहिली. बाहेरचा प्रोसेसर बिघडला तर सुटा भाग नाही, एमआरआय करायचा झाला तर डॉक्टरांनी विचारायचं कुणाला, काढून टाकायचं तर परत ऑपरेशन. कुणी खलनायक नव्हता हो तिथं. विरोधी कंपनीची मालकीण नव्हती. पैसे संपले एवढंच.

रानवारा२००४

हे खरं आहे?? मला वाटलं होतं हे पण गेममधलं सांगताय.

निनाद_डॉस

पल्लवीताई, दोनदा वाचलं. अपडेटबद्दल तुम्ही म्हणताय ते मनापासून मान्य. आणि बघा ना, सिंडिकेटमध्ये तर अशी वेळच येत नाही, तिथं कंपनी बुडाली की गेम ओव्हर, आणि आपण नवा गेम सुरू करतो. मागे राहिलेल्या एजंटांचं काय, ते बर्फात झोपवून ठेवलेले असतात, त्यांना उठवणार कोण, हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. मी धाग्यात मालकावर सगळा भर दिला. मालक नाहीसा होणं हे मालक असण्याइतकंच भयानक असू शकतं.

सातारी_कंदी

चिप बसवून घेणारे लोक खरे पण आहेत. २०१७ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या थ्री स्क्वेअर मार्केट नावाच्या कंपनीनी कर्मचाऱ्यांच्या हातात अंगठा आणि तर्जनीच्या मधे तांदळाच्या दाण्याएवढी आरएफआयडी चिप, म्हणजे वाचणाऱ्या यंत्राजवळ नेली की ओळख पटवणारी, बसवली होती, दार उघडायला, कॅन्टीनमध्ये पैसे द्यायला. सक्ती नव्हती, जवळपास पन्नास जण आपणहून तयार झाले. निनादराव तुम्ही सुरुवातीला ते रांग लावून बसवून घेतात लिहिलंत ना, मला हेच आठवलं.

अस्मिता_कॅनडा

त्या चिपनी माणूस कुठं आहे ते कळत नाही, साधं कार्ड आहे ते त्वचेखालचं, उगाच घाबरायला नको. पण नोकरी सोडताना ती काढायची कुणी, हा प्रश्न आहेच. लॅपटॉप परत करता येतो.

मुळामुठेकाठी

पल्लवी, यावर काही उपाय चालू आहेत का कुठं? का नुसतं ऐकून घ्यायचं?

पल्लवी_कॅथलॅब

आहेत काका. अमेरिकेत कॅरन सँडलर म्हणून एक वकील आहेत, त्यांना हृदयासाठी डिफिब्रिलेटर, म्हणजे ठोके बिघडले की झटका देणारं यंत्र, बसवायचा होता तेव्हा त्यांनी कंपन्यांना विचारलं की माझ्या शरीरात जे जाणार त्याचा सोर्स कोड मला वाचू द्या. नाही मिळाला. यंत्र बसवून घ्यावंच लागलं, जिवाचा प्रश्न होता. त्या गप्प बसल्या नाहीत, त्यांनी आणि इतर पेशंटनी मिळून २०१५ मध्ये तिथल्या कॉपीराइट कायद्यात एवढी तरी सवलत मिळवली की स्वतःच्या शरीरातल्या यंत्रातला स्वतःचा डेटा वाचण्यासाठी पेशंटनी कुलूप तोडलं तर तो गुन्हा नाही. स्वतःचे ठोके मोजायला सवलत मागावी लागली याचं मला वाईट वाटतं, पण ती मिळाली याचं मोल मी रोज कामावर बघते त्यामुळे मला ठाऊक आहे.

रानवारा२००४

ताई माझ्या आजीला गेल्या वर्षी पेसमेकर बसवलाय. हे सगळं वाचून आता टेन्शन आलं. घरी कुणालाच काही माहीत नाही, कंपनी कुठली ते पण नाही. काय करू?

पल्लवी_कॅथलॅब

टेन्शन घेऊ नको रे, ते यंत्र आजीला जगवतंय. डिस्चार्जच्या वेळी एक छोटं ओळखपत्र मिळालं असेल, फाइलमध्ये शोध, त्यावर कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबर असतो. त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ठेव आणि मूळ कार्ड आजीच्या पिशवीत. सापडलं नाही तर जिथं ऑपरेशन झालं तिथं मागायचं. फॉलोअपला जाल तेव्हा प्रोग्रामरमधून निघालेली प्रिंट मागून घ्यायची, ती मागितल्याशिवाय बऱ्याचदा मिळत नाही, आणि बॅटरी अंदाजे किती वर्षं उरली आणि लीड, म्हणजे यंत्रापासून हृदयात गेलेल्या तारा, नीट आहेत का हे दोन प्रश्न आजीच्या समोरच विचारायचे, तिला बाहेर बसवून नाही. एमआरआय कुणी सांगितला तर आधी ते कार्ड दाखवायचं. सापडलं की इथं लिही, काही कळलं नाही तर मी सांगते.

रानवारा२००४

सापडलं ताई, कपाटात लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात होतं. फोटो काढून सगळ्यांना पाठवला. आजी विचारतेय तू हे काय करतोयस, तिला धागा वाचून दाखवतोय आता, इंग्रजी नावं सोडून.